बहात्तर गावांचे स्वराज्य

औंध संस्थानाचा नकाशा काढायला बसलेल्या माणसाची चांगलीच दमछाक होत असे. राजधानीचे गाव आणि यमाईचा डोंगर आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. आटपाडी तिथून पूर्वेला, माणदेशच्या कोरड्या माळावर. कुंडल दक्षिणेला, कृष्णेच्या खोऱ्यात. आणि गुणदाळचा तुकडा तर थेट विजापूरच्या बाजूला. मधल्या जागेत कुठे इंग्रजी अमलातला सातारा जिल्हा, कुठे दुसऱ्या संस्थानिकाची हद्द. गोधडीतली एकाच रंगाची ठिगळे दूरदूर शिवलेली असावीत, तसे हे राज्य. सगळे मिळून ५०१ चौरस मैल, ७२ गावे आणि पाऊण लाखाच्या आसपास माणसे. तोफांच्या सलामीचा मानही या गादीला नव्हता.

या एवढ्याशा संस्थानाने १९३९ साली केलेली गोष्ट हिंदुस्थानातल्या मोठमोठ्या संस्थानांना सुचली नाही. राजाने आपल्या हातातली सत्ता कायद्याने प्रजेला दिली, आणि ती राजधानीतल्या चार वकिलांना नव्हे, तर गावच्या पंचांना दिली. त्यासाठी केलेल्या राज्यघटनेवर गांधीजींनी स्वतः सल्ला दिला होता. ग्रामस्वराज्याबद्दल गांधींनी आयुष्यभर लिहिले आणि बोलले. पण ते कायद्याच्या कलमांत उतरून प्रत्यक्ष एका राज्याचा कारभार झाले ते इथे, आजच्या सातारा-सांगलीच्या मातीत.

राजाचे नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. जन्म १८६८ चा, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी, आणि गादीवर आले ते १९०९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर. स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी म्हणून त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. आले तर सूर्यनमस्काराच्या संदर्भात येते. ते रास्तही आहे, कारण सूर्यनमस्कारांचा या गृहस्थांना अक्षरशः ध्यास होता. स्वतः रोज घालायचे, घरच्यांना घालायला लावायचे, संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे केले आणि त्यावर पुस्तके लिहून ती विलायतेपर्यंत पोहोचवली. याशिवाय ते चित्रकार होते आणि कीर्तनकारही होते; राजाने स्वतः कीर्तनाला उभे राहावे हे दृश्य इतर दरबारांत दुर्मिळच. औंधला त्यांनी उभारलेले भवानी संग्रहालय आजही आहे. राजा रविवर्म्याची चित्रे तिथे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि मूल हे शिल्पही. खटाव तालुक्यात हेन्री मूर पाहायला मिळतो हे सांगितले तर मुंबईकर अजून विश्वास ठेवत नाहीत.

माणूस हौशी होता, पण नुसता हौशी नव्हता. बेळगावातून बस्तान हलवावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळची माळाची जमीन दिली, भांडवलाला हातभार लावला, आणि निवडुंग माजलेल्या त्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर तिथून महाराष्ट्रभर गेले. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा काच कारखाना आणि त्याचे प्रभाकर कंदील हीदेखील औंधच्याच हद्दीतली गोष्ट. पंडित सातवळेकरांसारख्या, इंग्रजांच्या डोळ्यांवर आलेल्या वेदाभ्यासकाला औंधने वर्षानुवर्षे आसरा दिला. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीलाही बाळासाहेबांचे पाठबळ होते. म्हणजे १९३८-३९ मध्ये या राजाला एकाएकी उपरती झाली असे कोणी समजू नये. रयतेचे ऐकून घेण्याची सवय त्यांना आधीपासून होती. नंतर घडले ते त्या सवयीच्या बरेच पुढे जाणारे होते.

पुढे जायला निमित्त झाले ते मुलाचे. अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन १९३७ च्या सुमारास परतले. त्यांची गाठ बंगळूरला मॉरिस फ्रीडमन नावाच्या इंजिनिअरशी पडली. फ्रीडमन मूळचा वॉर्सॉचा, पोलिश ज्यू. म्हैसूर सरकारच्या विजेच्या साहित्याच्या कारखान्याचा तो प्रमुख होता आणि त्याच वेळी रमण महर्षींच्या आश्रमात जाऊन बसणारा साधकही. भगवी वस्त्रे, भारतानंद हे नाव, आणि डोक्यात गांधी. धनुष तकली हे सूतकताईचे साधे साधन त्याच्याच खटपटीतून आले. हा माणूस औंधला आला आणि तिथे रमला. पुढे कितीतरी वर्षांनी मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी प्रवचने इंग्रजीत नेऊन जगभर पोहोचवणारा फ्रीडमन तो हाच. त्याच्या आयुष्याचा आलेख कादंबरीकाराने रचला असता तर संपादकाने तो अतिशयोक्ती म्हणून परत पाठवला असता.

१९३८ च्या नोव्हेंबरात बाळासाहेबांच्या सत्तरीनिमित्त जाहीरनामा निघाला: संस्थानात पूर्ण जबाबदार राज्यपद्धती येईल. मसुद्यामागे फ्रीडमनचा हात होता असे अप्पासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. मग ही मंडळी गांधींकडे सेवाग्रामला गेली.

तो काळ नीट ध्यानात घेतला पाहिजे. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने संस्थानी प्रजेच्या हक्कांचा प्रश्न ऐरणीवर घेतला होता. जागोजाग प्रजा परिषदा उठत होत्या आणि राजे लोक रेसिडेंटच्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीच्या, आडोशाला उभे राहून त्या चिरडत होते. राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी १९३८ च्या डिसेंबरात वल्लभभाई पटेलांशी सुधारणांचा करार केला आणि महिना उलटायच्या आत तो मोडला. त्यापायी गांधींना मार्च १९३९ मध्ये उपोषणाला बसावे लागले. ज्या जानेवारीत राजकोटचा राजा दिलेल्या शब्दावरून मागे फिरत होता, त्याच जानेवारीच्या २१ तारखेला औंधच्या राजाने आपल्या राज्याची घटना जारी केली. सत्याग्रह करून सत्ता मिळवणाऱ्यांचा इतिहास आपल्याकडे भरपूर लिहिला गेला आहे. मागणी दारात येऊन धडकण्याआधी सत्ता सोडणाऱ्याचा इतिहास लिहायला मात्र उदाहरणेच कमी. अहिंसेचा विचार करताना हे दुसरे टोकही मोजले पाहिजे.

गांधींनी पंतांना दिलेला सल्ला कौतुकाचा कमी आणि कामाचा जास्त होता. घटना राजधानीतून खाली यायला नको, ती गावातून वर चढली पाहिजे, हा त्याचा गाभा. आणि अप्पासाहेबांना सांगणे असे, की कागदावर सही झाली म्हणजे काम झाले असे नाही. खेड्यात जाऊन राहा, वर्षानुवर्षे राहा. ऑक्सफर्डहून आलेल्या राजपुत्राने ते मनावर घेतले.

घटनेची रचना अशी होती. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. पंचांनी आपल्यातला अध्यक्ष निवडायचा. तालुक्यातल्या सगळ्या गावांचे पंचायत अध्यक्ष मिळून तालुका समिती. या समित्यांनी पाठवलेल्या प्रतिनिधींची संस्थानची विधानसभा, आणि मंत्री त्या सभेला जबाबदार. राजाकडे राहिले ते घटनात्मक प्रमुखाचे स्थान, तिजोरीतून ठरलेला तनखा, आणि सूर्यनमस्कार.

यात सर्वांत नवे काय होते ते निवडणुकीच्या पायऱ्यांकडे पाहून कळत नाही. ते पैसा आणि न्याय या दोन ठिकाणी दिसते. एरवी सारा गावातून वर जायचा आणि परत काय यायचे ते वरच्याच्या मर्जीवर. औंधमध्ये वसुलातला वाटा गावाच्या हाती राहू लागला. विहीर आधी की शाळेची खोली आधी, हे गावाने ठरवायचे. न्यायदानाचेही तसेच. तंट्यासाठी शेतकऱ्याने भाकरी बांधून तालुक्याला खेपा घालायच्या, कारकुनाची मिनतवारी करायची, तारखेवर तारीख घ्यायची, ही जुनी रीत. औंधने न्यायाधीशालाच गावोगाव फिरते केले. पंचांच्या सोबतीने तो बसायचा, कायदा काय सांगतो ते समजावायचा, आणि वाद जिथे उपजला तिथेच मिटवायचा प्रयत्न व्हायचा. ज्यांनी बांध कोरला जाताना पाहिला ती माणसे समोरच बसलेली असल्यावर खोटे बोलणे अवघड जाते, यात नवल नाही. न्यायशास्त्राच्या पंडितांना ही पद्धत कच्ची वाटेल. पण आजही जमिनीच्या एका दाव्यात दोन पिढ्या जातात, तेव्हा पक्की पद्धत कोणती हे ठरवायला थोडे थांबावे.

आटपाडीजवळ १९३९ मध्येच आणखी एक गोष्ट सुरू झाली, आणि या प्रयोगातली सर्वदूर पोहोचलेली गोष्ट हीच. फ्रीडमनचे म्हणणे असे, की कैद्याला कोंडून ठेवून काहीच साधत नाही. त्याला जमीन द्या, काम द्या, बायकामुले सोबत राहू द्या. माळावर वसाहत वसली, भिंतीशिवाय, आणि तिला नाव दिले स्वतंत्रपूर. शिक्षा भोगणारी माणसे तिथे शेती करू लागली. सुटकेनंतर ज्या समाजात परतायचे त्याच समाजासारखे आयुष्य शिक्षेच्या काळातच जगायचे, ही कल्पना त्या काळच्या तुरुंग खात्यांना अजबच वाटली असणार.

याच आटपाडी-माणदेशच्या मातीतला एक मुलगा, औंधच्या संस्थानी शाळांत शिकलेला, पुढे चित्रपटांच्या कथा लिहू लागला. त्याचे नाव ग. दि. माडगूळकर. स्वतंत्रपूरवरून सुचलेल्या त्याच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला: सहा खुनी, एक जेलर, एक उजाड माळ. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि बर्लिनच्या महोत्सवातही तो गौरवला गेला. त्या जेलरची गोष्ट सांगताना औंधचा उल्लेख मात्र फारसा कोणी करत नाही. गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त धनगरांच्या वाडीतली तालीम उघडायला राजा येतो, तो राजा म्हणजेही औंधचे पंतसरकार. मराठी साहित्याने या राज्याची आठवण अशी कथेच्या आडवाटेने जपली. स्वतंत्रपूरची वसाहत पुढे सरकारच्या तुरुंग खात्याकडे गेली आणि खुली वसाहत म्हणून टिकली.

आता या गोष्टीतला अडचणीचा भाग.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची हाक आली आणि सातारा जिल्हा पेटला. कऱ्हाड, पाटण, तासगाव इथे मामलेदार कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे गेले, कचेरीवर तिरंगा लावायचा एवढाच कार्यक्रम. ९ सप्टेंबरला वडूजला मोर्चा आला. वडूज हे खटावचे तालुक्याचे ठाणे, औंधपासून हाकेच्या अंतरावर, पण इंग्रजी हद्दीत. पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि झेंडा हातात घेतलेले परशुराम घार्गे साथीदारांसह पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या गेले. निःशस्त्र माणसांना दोन दिवसांत दोन ठिकाणी हे उत्तर मिळाल्यावर जिल्ह्यातल्या तरुणांचा मार्ग बदलला. नाना पाटील हे १९३० च्या सत्याग्रहासाठी तलाठ्याची नोकरी सोडून आलेले गांधींच्या हाकेचे शिपाई. त्यांच्याच नेतृत्वाखाली १९४३ पासून प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असे भूमिगत सरकार, उभे राहिले. त्याचे मोठे केंद्र होते कुंडल, आणि कुंडल औंधच्या हद्दीत होते. प्रतिसरकारचे नेते जी. डी. बापू लाड तिथलेच. त्याचे लढाऊ दल, तुफान सेना, तिथेच घडले. सरकारी खजिने लुटणे, रेल्वे अडवणे, गावगुंडांना पायांवर फटके देणे ही प्रतिसरकारची कामे अहिंसेच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाहीत. पण गावोगावची न्यायदान मंडळे, दारूबंदी, कमी खर्चातली लग्ने हा त्याच सरकारचा दुसरा चेहरा होता.

इंग्रज पोलिसांना संस्थानी हद्दीत सरळ घुसता येत नसे. भूमिगतांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला, आणि औंधच्या कारभाऱ्यांनी डोळेझाक केली, नव्हे आसराही दिला. कोल्हापूरच्या रेसिडेंटचा दाब सोसत त्यांनी हे केले. गांधींच्या सल्ल्याने चाललेल्या राज्यात बंदुकवाल्यांना थारा कसा, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असेल. १९४४ मध्ये कैदेतून सुटल्यावर गांधी हवापालटासाठी पाचगणीला राहिले, म्हणजे याच जिल्ह्यात. भूमिगतांनी उघड्यावर यावे असा त्यांचा सल्ला होता. साताऱ्याच्या भूमिगतांनी तो मानला नाही. नाना पाटील उघड झाले ते १९४६ मध्येच. औंधने या पेचाचे तत्त्वज्ञान केले नाही. स्वतःच्या कारभारात हत्यार नको आणि शेजारच्या जुलमातून पळून आलेल्याला हाकलायचे नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या. तर्काच्या कसोटीवर ते विसंगत ठरेल. पण पंचायतीत बसून आपला निर्णय आपण घ्यायची सवय लागलेल्या कुंडलमध्येच समांतर सरकारची कल्पना रुजली, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

गावाच्या हाती सत्ता दिली म्हणजे गावातल्या कोणाच्या हाती, हा प्रश्न मात्र औंधला पुरता सोडवता आला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत राज्यघटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेडे हे राज्याचा पाया करायला ठाम विरोध केला; संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे ते घर आहे, असा त्यांचा रोख होता. तो रोख आटपाडीलाही लागू पडतो. शंकरराव खरात हे १९२१ मध्ये आटपाडीच्या महारवाड्यात जन्मले. पुढे ते लेखक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचे ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र वाचताना तराळ म्हणून गावकीच्या कामांनी पिचलेल्या बापाचे आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीचे आटपाडी दिसते. पंचायत अध्यक्षांच्या यादीतून ते दिसणार नाही. औंधच्या शाळेने खरातांना पुढची वाट दिली हे खरे. पण त्या गावाच्या पाच पंचांत त्यांच्या वडिलांची जागा कुठे होती, हे विचारल्याशिवाय औंधचा गौरव करणे अर्धवट ठरते. गांधी-आंबेडकर वाद आपण दिल्लीच्या सभागृहांत शोधतो. तो औंधच्या घटनेच्या कलमांत आणि तराळाच्या घरात समोरासमोर उभा आहे.

प्रयोगाला वेळ मिळाला तो जेमतेम नऊ वर्षे, आणि त्यातही महायुद्ध, महागाई आणि चळवळ. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली अनेक संस्थाने आणि औंध मुंबई प्रांतात विलीन झाली. आटपाडी आणि कुंडल आधी साताऱ्याला, मग १९४९ मध्ये वेगळ्या काढलेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याला जोडली गेली. त्या जिल्ह्याचे १९६० मध्ये सांगली असे नामकरण झाले. गुणदाळ विजापुराकडे गेले. विलीनीकरणाला बाळासाहेबांचा विरोध नव्हता. गावांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली. वसुलातला वाटा, फिरता न्यायाधीश, पंचायतीवर उभी राहिलेली विधानसभा, हे सगळे मुंबई प्रांताच्या चौकटीत मावणारे नव्हते. लोकशाही मोठी झाली आणि गाव पुन्हा मामलेदाराच्या दारात उभे राहिले. बाळासाहेब १९५१ च्या एप्रिलमध्ये वारले. अप्पासाहेब परराष्ट्र खात्यात गेले. पूर्व आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन, इटली अशी त्यांची कारकीर्द झाली. तिबेटी निर्वासितांच्या कामात फ्रीडमन आणि ते पुन्हा एकत्र आले.

कल्पना मात्र दुसऱ्या वाटांनी फिरत राहिली. श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्र भारतासाठी गांधीवादी घटनेचा आराखडा प्रसिद्ध केला; त्यातही गाव, तालुका, जिल्हा, प्रांत अशा पायऱ्यांनी सत्ता वर चढते, औंधसारखीच. राज्यघटनेत ग्रामपंचायतींना जागा मिळाली ती ४० व्या कलमात, मार्गदर्शक तत्त्व म्हणून, म्हणजे कोर्टात मागता न येणारी. मग पंचायत राज्याची शिफारस करणारी बळवंतराय मेहता समिती आली, आणि महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या सुरू करणारे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण मूळचे देवराष्ट्र्याचे, कुंडलच्या पंचक्रोशीतले, आणि १९४२ च्या सातारच्या लढ्यातले कार्यकर्ते. औंधचा नमुना त्यांच्या अगदी जवळ होता, तरी नव्या रचनेत पायऱ्या उलट्या लागल्या. जिल्हा परिषद प्रबळ झाली, ग्रामपंचायत तिच्या निधीकडे डोळे लावून बसणारी झाली. सदस्यही जिल्ह्याच्या गटांतून आणि पंचायत समितीच्या गणांतून थेट निवडून येऊ लागले. गावच्या पंचांनी आपला माणूस वर पाठवायचा आणि त्याने परत येऊन पंचांना हिशोब द्यायचा, ही औंधची साखळी त्यात नव्हती. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेचे संरक्षण दिले, स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या. खरातांच्या वडिलांसाठी औंधच्या घटनेत जी सोय दिसत नाही ती इथे झाली. वसुलातला हक्काचा वाटा आणि गावात येऊन बसणारा न्यायाधीश या दोन गोष्टी मात्र त्या दुरुस्तीतही आल्या नाहीत.